थंडीची तूट कोणाच्या वाट्याला

मक्याच्या कणसाला जेवढे केस, तेवढे दाणे. लहानपणी आम्ही ते केस ओठावर चिकटवून मिशा करायचो, आणि आजी मूतखड्याच्या माणसाला त्याचा काढा द्यायची. पण एकेका केसाचं आतलं टोक एकेका दाण्याच्या जागेला जोडलेलं असतं, हे दहावीपर्यंतच्या कुठल्या धड्यात आलं नव्हतं. पुढं कोळद्याच्या कृषी विज्ञान केंद्रात एका शिबिराला गेलो होतो. तिथल्या साहेबांनी कोवळं कणीस उभं चिरलं आणि एक केस अलगद धरून त्याच्या मुळाशी असलेला साबुदाण्याएवढा पांढरा ठिपका दाखवला. म्हणाले, "या केसावर पराग पडला तर हा ठिपका दाणा होईल. नाही पडला तर ही जागा रिकामी."

वर तुरा असतो तो नर, खाली कणीस ती मादी. तुऱ्यातून पिवळी पूड उडते, वाऱ्यावर तरंगते आणि शेजारच्या झाडाच्या केसावर बसते. केसाला बारीक लव असते, ती पूड धरून ठेवते. मग त्या कणातून एक नळी फुटते, ती केसाच्या आतून खाली उतरत जाते आणि साधारण एका दिवसात दाण्याच्या जागेला पोचते. एका कणसात चौदा नाहीतर सोळा ओळी, कधी बारा. ओळी नेहमी सम असतात, विषम ओळींचं कणीस कोणी आणून दाखवलं तर मी त्याला जेवायला घालीन. म्हणजे एका कणसात चारपाचशे लग्नं लागायची असतात, आणि ती पाचआठ दिवसांत. तुरा पूड सोडतो ते दिवस मोजके. केस बाहेर यायचे तेही त्याच दिवसांत. दोघांची गाठ पडली तर घर भरतं.

थंडी या गाठीत आडवी येते. मका मूळचा मेक्सिकोकडचा, उबेचं पीक. पारा १० अंशांच्या खाली गेला की त्याची वाढ थांबल्यातच जमा. तुरा पोटरीत असताना कडाका पडला तर आतली पूडच वांझ निघते. बाहेर आल्यावर पडला तर पुडीच्या पिशव्या सकाळी उघडत नाहीत, दव वाळायला दुपार होते. केस यायला उशीर होतो. तुरा आपली पूड उधळून मोकळा होतो आणि केस मागून येतात, नवरी बोहल्यावर यावी आणि वऱ्हाड जेवून परत गेलेलं असावं तसं. वरून झाड हिरवंगार दिसतं. फार तर पानांच्या कडा जांभळ्या होतात, कारण गारठलेल्या मुळांना स्फुरद ओढता येत नाही. कणीसही बाहेरून चांगलं पोसलेलं वाटतं. सोललं की कळतं.

आमच्या नंदुरबार जिल्ह्यात मका दोन प्रकारचा. वर सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याकडं, तो पावसाचा. तिथं मका म्हणजे भाकर. पावरा आणि भिल्ल घरांत पांढऱ्या, पिवळ्या, रंगीत मक्याची देशी वाणं आजही घराच्या आढ्याला टांगलेली दिसतील. तो मका जूनमध्ये पेरतात, श्रावणात तुरे येतात, त्याला या थंडीशी घेणं नाही. खाली शहादा-तळोद्याच्या सपाटीवर आम्ही करतो तो रब्बीचा, संकरित बियाण्याचा, विहिरीच्या नाहीतर बोअरच्या पाण्यावरचा. तो दोंडाईच्याला जातो, कोंबडीखाद्याला जातो, स्टार्चच्या कारखान्याला जातो. आमच्या घरात त्याची भाकर क्वचितच होते.

हा रब्बीचा मका ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या दहा तारखेपर्यंत पेरावा असं शिफारशीत असतं. पण वावर मोकळं झालं पाहिजे ना. कपाशीचं वावर त्या तारखांना मोकळं होत नाही. सोयाबीनचं होतं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला पेरलेला मका तुऱ्यावर येतो तो जानेवारीत. सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा आटोपलेली असते, घोडे विकले गेलेले असतात आणि उत्तरेतून गार वारा उतरायला लागतो. वर हिमालयात बर्फ पडलं की दोनतीन दिवसांनी आमच्या पाठीला कळतं. डाब आणि तोरणमाळकडं काही वर्षी गवतावरचं दव गोठतं, त्याचे फोटो पेपरात येतात. शहरातली मंडळी ते बघायला गाड्या घेऊन वर जातात. खाली आम्ही मोटारीचं बटण दाबायला बसलेले असतो.

आता मूळ मुद्द्यावर येतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी दोन वावरं आहेत. वरचं गावालगत, हलकं, मुरमाड. खालचं नाल्याकाठी, चार एकर, काळं आणि खोल. खालचं वावर केव्हाही भारी, कापूस असो की सोयाबीन, तेच जास्त देतं. पोरं सुरतेला कामाला लागल्यापासून ते मी निम्म्या बटाईनं देतो. करणारा माणूस धडगावकडचा पावरा, बायको आणि दोन लेकरं घेऊन वावरातच झोपडी करून राहतो. तो मला नाना म्हणतो, मी त्याला भाऊ म्हणतो. वयानं तो माझ्यापेक्षा वीस वर्षं लहान.

त्या वर्षी दोन्ही वावरांत एकाच दुकानातलं, एकाच वाणाचं बियाणं पेरलं, एकरी दोन पिशव्या, चार किलोची एक. पेरणी एकाच आठवड्यात. खत सारखं. लष्करी अळीची फवारणीसुद्धा सारखी. जानेवारीच्या मध्याला तुरे निघाले आणि कडाका आला. आठनऊ दिवस टिकला. थंड हवा पाण्यासारखी असते, जड, उतारानं खाली जाते आणि सखल जागी साचते. रात्री वरच्या वावरातून खाली उतरताना नाल्याजवळ पाय ठेवला की गुडघ्यापर्यंत गारवा वेगळा लागायचा. बांधावर काडीकचरा पेटवून धूर केला. थंडीत पाणी दिलं की जमीन थोडी ऊब धरते, म्हणून पाणीही दिलं. शेतीची वीज एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री अशी असते. त्या आठवड्यात ती रात्रीची होती. म्हणजे रात्री बारानंतर गारठ्यात अनवाणी चिखलात उभं राहून सरीला पाणी लावणं, तेही उसातून बिबट्या फिरतो अशा मुलखात. खालच्या वावरात हे काम भाऊनं केलं. बायको कंदील घेऊन बांधावर बसायची.

थंडी ओसरल्यावर वीसएक दिवसांनी गावातले एकजण खालच्या वावराजवळून गेले आणि मला चावडीवर म्हणाले, "नाना, तुमच्या खालच्या मक्याचे केस काय सुंदर आहेत, लांब आणि अजून हिरवे!" माझ्या पोटात गोळा आला. केस हिरवे आणि लांब राहणं हीच वाईट खूण. ज्या केसाला पराग मिळाला तो दोनतीन दिवसांत आतून सुटतो, वाळतो. ज्याला मिळाला नाही तो वाट बघत वाढत राहतो. बघायची सोपी रीत आहे. कणसाची पानं सावकाश सोलायची, केस ओढायचे नाहीत, आणि कणीस उलटं धरून हलवायचं. पराग मिळालेले केस खाली गळतात. न मिळालेले चिकटून राहतात. मी दोन्ही वावरांतली दहा दहा कणसं अशी हलवली. वरच्या वावरातल्या कणसांचे बहुतेक केस पायाशी पडले. खालच्यातले निम्म्याहून जास्त कणसालाच धरून होते.

माप झालं तेव्हा वरच्या वावरात एकरी चोवीस क्विंटल आणि खालच्यात एकरी अकरा. इतर वर्षी खालचं वावर अठ्ठावीसला उतरतं.

मग सुरू झाला तो शोध. गावात कुणाचं नुकसान झालं की लोक हळहळतात, आणि हळहळ संपायच्या आत विचारतात, चूक कुणाची? दुकानदार म्हणाला, बियाणं उत्तम होतं, तुमचं पाणी चुकलं असेल. ज्यांचं बियाणं वेगळं होतं ते म्हणाले, बियाणंच भेसळीचं. आमच्या भाऊबंदांतले एकजण हळू आवाजात म्हणाले, "तो रात्री पाणी भरतच नसेल रे. दारू पिऊन पडला असेल. ही माणसं अशीच." हे वाक्य मी पन्नास वर्षं ऐकतो आहे, फक्त पिकाचं नाव बदलतं. आणि भाऊ स्वतः काय म्हणाला? कणीस हातात घेऊन बराच वेळ बघत बसला आणि म्हणाला, "नाना, कणीस शे, पण दाना नही. मना हातले यशच नही." म्हणजे इतरांनी त्याच्यावर टाकला तो दोष त्यानं आधीच उचलून घेतला होता.

चारही जणांना कोणीतरी दोषी हवा होता. मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं, की या शोधामागं न्यायाची ओढ थोडी असते आणि सुटकेची जास्त. बियाणं खोटं ठरलं तर पैसे कंपनीनं द्यायचे. भाऊ आळशी ठरला तर त्याचं त्यानं भोगायचं. नशीब ठरलं तर देवाकडं बोट दाखवायचं. तिन्ही वाटांनी माझ्या खिशाला हात लागत नाही. पण कणसं हलवून बघितल्यावर या तिन्ही वाटा माझ्यापुरत्या बंद झाल्या. बियाणं तेच वरच्या वावरात पिकलं होतं. पाणी चुकलं असतं तर पानं गुंडाळली असती, ती शेवटपर्यंत रुंद होती. आणि नशीब हा शब्द मी हिशेबाच्या वहीत लिहू शकत नाही, कारण त्याच्यापुढं आकडा कुठला मांडायचा?

हे फक्त आमच्याच गावात होतं असं नाही. २०१० च्या सुरुवातीला बिहारात अनेक जिल्ह्यांत रब्बी मक्याची कणसं आली आणि दाणे भरले नाहीत. तिथं रब्बीचा मका आपल्यापेक्षा कितीतरी मोठा. शेतकऱ्यांनी बियाण्याकडं बोट दाखवलं, शास्त्रज्ञांनी परागीभवनाच्या वेळच्या थंडीकडं, कंपन्यांनी पेरणीच्या वेळेकडं. वाद बराच चालला. शेवटी सरकारनं काही भरपाई दिली, म्हणजे सगळ्या लोकांच्या तिजोरीतून दिली. दोष पक्का ठरण्याआधी लोकांना खायला लागतं, एवढं तरी त्यातून मान्य झालं.

याहून दूरची गोष्ट १८१६ सालची. अमेरिकेच्या ईशान्य भागात त्या वर्षी उन्हाळा आलाच नाही. जून, जुलै आणि ऑगस्ट, तिन्ही महिन्यांत हिमतुषार पडलं आणि मक्याची शेतंच्या शेतं काळी पडली. मका हेच तिथल्या माणसांचं आणि जनावरांचं पोट. कोणी म्हणालं देवाचा कोप, कोणी सूर्यावरच्या डागांना दोष दिला. कितीतरी घरं जमीन सोडून पश्चिमेला निघून गेली. खरं कारण होतं इंडोनेशियातल्या तांबोरा डोंगराचं. १८१५ च्या एप्रिलमध्ये तो ज्वालामुखी फुटला आणि त्याच्या धुराळ्यानं पृथ्वीवरचं ऊन झाकोळलं. हा धागा जुळायला पुढं जवळजवळ शंभर वर्षं गेली. ज्यांनी घरं सोडली ते कारण न कळताच मेले. त्यांना वेळेवर कारण कळलं असतं तरी काय? डोंगरावर दावा लावता आला असता का? कारण कळणं आणि भरपाई मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या गोष्टीवरून पटलं.

म्हणून प्रश्न असा उरतो. ज्या तुटीला कोणीच जबाबदार नाही, ती कोणी सोसायची?

आमच्याकडं याचं ठरलेलं उत्तर आहे, निम्मं निम्मं. बटाई म्हणजे पिकात निम्मं आणि खर्चात निम्मं, मग पीक येवो की जावो. ऐकायला यात खोट नाही. मी वही उघडून हिशेब मांडला, तो इथं तसाच देतो, कारण अशा प्रश्नांवर गोल गोल बोलण्यात अर्थ नसतो.

चार एकरांत चव्वेचाळीस क्विंटल मका झाला. भाव लागला एकोणीसशे. झाले ८३,६०० रुपये. निम्मे ४१,८०० त्याचे, ४१,८०० माझे. बियाणं, खत, फवारणी, वीज आणि मळणी मिळून एकरी चौदा हजार, म्हणजे ५६,००० खर्च. तो आधी मी केला होता. त्यातला त्याचा निम्मा २८,०००. ते वजा जाता त्याला राहिले १३,८००. मलाही १३,८००. त्यानं दिवाळीपासून १२,००० उचल घेतलेली होती, तीही कापली की हातात १,८००.

चांगल्या वर्षी, अठ्ठावीसच्या उताऱ्यानं, दोघांना प्रत्येकी ७८,४०० मिळाले असते. म्हणजे थंडीनं त्याचे ६४,६०० नेले आणि माझेही बरोबर ६४,६००. रुपयाचासुद्धा फरक नाही. यापेक्षा समान वाटणी कोर्टातही होणार नाही.

मी तो हिशेब बायकोला वाचून दाखवला. ती ज्वारी निवडत होती. तिनं सगळं ऐकलं आणि मान वर न करता म्हणाली, "वावरले काय पोट शे का?"

तिला काय म्हणायचं होतं ते माझ्या लक्षात यायला रात्र गेली. माझे १३,८०० हे वावराचे होते. मी त्या पाच महिन्यांत खालच्या वावरात चक्कर मारायला जायचो, एवढंच. त्याचे १३,८०० हे दोन माणसांच्या पाच महिन्यांचे होते. दीडशे दिवस धरले तर दोघांचे मिळून दिवसाला ९२ रुपये, आणि त्यात रात्रीची पाणी भरण्याची हजेरी आली. आकडा तोच, पण माझ्या बाजूला तो कमी झालेल्या नफ्याचा होता आणि त्याच्या बाजूला कमी झालेल्या भाकरीचा. एकाच आकड्याला दोन घरांत दोन वजनं असतात. तराजू ते दाखवत नाही.

दुसरं असं, की माझ्यामागं आधार आहे. सातबारा माझ्या नावावर. उद्या सरकारनं मदत जाहीर केली तर ती माझ्या खात्यात येईल, त्याचं नाव कुठल्याच कागदावर नाही. बँक मला दारात उभं करते. त्याला कोण करतं? बटाई तोंडी असते, आणि तोंडी का असते हेही सगळ्यांना माहीत आहे. १९४८ चा कूळ कायदा आला, १ एप्रिल १९५७ ला कसणाऱ्याला जमीन देण्याचा दिवस ठरला, तेव्हापासून कागदावर कसणाऱ्याचं नाव लावायला मालकाचा हात थरथरतो. माझाही थरथरतो, हे लपवण्यात अर्थ नाही. १९७२ च्या सुमाराला शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली, अंबरसिंग सुरतवंती आणि त्यांचे सोबती मजुरीसाठी, सालदारांसाठी, हातातून गेलेल्या जमिनींसाठी गावोगाव फिरत होते, तेव्हा मी शाळेत होतो. घराघरांतली मोठी माणसं दारं लावून बोलायची ते आठवतं. त्या बोलण्यात भीती होती. पुढं सालदारी कमी होत गेली आणि बटाई वाढली. पूर्वी सालदाराचा पगार ठरलेला असायचा, थंडी पडो की गारपीट, तूट मालकाची. बटाईत त्याला मान आला, निम्म्याचा भागीदार झाला. आणि त्याबरोबर निम्मी थंडीही त्याच्या अंगावर आली. हे कोणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. पण झालं.

शेजारच्या शेतकऱ्याशी मी हे बोललो. माणूस सरळ आहे आणि त्याचा मुद्दाही सरळ होता. म्हणाला, "नाना, करार म्हणजे करार. उद्या खालच्या वावरात एकरी पस्तीस झाले तर तो तुला वरचे दोन पोते जास्त आणून देईल का? तोटा झाला की मालकाचा आणि नफा झाला की निम्मा, असं कुठं असतं? आणि एकदा तू सोडलंस की सगळे बटाईदार आमच्याही दारात येतील." शेवटचं वाक्य सोडलं तर बाकी मला खोडता आलं नाही. करार पाळणं ही लहान गोष्ट नाही. गरीब माणसालाच कराराची जास्त गरज असते, कारण त्याच्याकडं दुसरं काही नसतं. मालकाच्या मर्जीवर हिशेब चालायला लागला तर एका वर्षी मर्जी होईल, दुसऱ्या वर्षी होणार नाही.

तरी मी काहीतरी ठरवायलाच हवं होतं, वही उघडी होती. मी त्याच्या वाट्याच्या २८,००० खर्चातला निम्माच, १४,०००, धरला. उचल कापून त्याच्या हातात १५,८०० आले. माझ्याकडं हिशेब केला तर दोनशे रुपये अंगावर पडले. म्हणजे त्या वर्षी वावरानं मला काही दिलं नाही. वावराला पोट नाही, ते चाललं.

मला वाटलं होतं भाऊ खूश होईल. तो झाला नाही. पैसे मोजले, पुन्हा मोजले, बायकोकडं दिले आणि बराच वेळ ओट्यावर बसून राहिला. मग म्हणाला, "नाना, हे तुम्ही मनानं दिलं. मी मागितलं नव्हतं."

मी म्हटलं, "अरे, थंडी काय तुझ्या एकट्याची होती का?"

"ते खरं. पण आज तुमच्या मनात आलं. पुढच्या वर्षी नाही आलं तर मी कसं मागू? आता हे उपकारात गेलं. उपकाराचं मागता येत नाही." थोडा थांबला आणि म्हणाला, "द्यायचं असेल तर पेरायच्या आधी ठरवू. मग थंडी पडली तर मी मान वर करून मागीन."

चहा गार झाला तरी मी तसाच बसलो होतो. शेजाऱ्याचा मुद्दा आणि भाऊचा मुद्दा एकच होता, फक्त दोघं दोन टोकांनी आले होते. दोघांनाही मर्जी नको होती. शेजाऱ्याला ती नको होती कारण ती मालकाला महागात पडते. भाऊला नको होती कारण ती घेणाऱ्याची मान खाली करते. मी मधे उभा राहून दानशूर झालो होतो, आणि त्याच्या दृष्टीनं ते अर्धंच काम होतं.

अक्षय्य तृतीयेनंतर, म्हणजे आमच्या आखाजीनंतर, आम्ही दोघं बसलो. कराराचा कागद नाही, वहीचं एक पान. त्यानं अंगठा नको म्हटलं, सही केली, चौथीपर्यंत शिकलेला आहे. ठरलं असं. एकरी उतारा पंधरा क्विंटलच्या खाली गेला तर खर्चाचे तीन वाटे माझे, एक त्याचा. पंधराच्या वर असेल तर जुनंच, निम्मं निम्मं. यापुढचं कलम त्यानं स्वतः घातलं, मी सुचवलं नव्हतं. बत्तीसच्या वर गेलं तर वरच्या पिकात माझा वाटा जास्त, तीनास दोन. मी म्हटलं याची गरज नाही. तो म्हणाला, "असू द्या. नाहीतर लोक म्हणतील पावऱ्यानं नानाला फसवलं." शेजाऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर त्यानं असं दिलं, आणि तो प्रश्न त्याच्या कानावर गेलेला नव्हता.

एका गोष्टीवर आम्ही अडलो. उतारा कमी आला आणि तो खरंच निष्काळजीपणानं आला, तर? हा प्रश्न मीच काढला आणि काढताना मला अवघड वाटलं. त्याला नाही वाटलं. तो म्हणाला, कणसं दोघांनी मिळून हलवायची. केस चिकटून असले तर थंडी. गळून गेले आणि तरी दाणे बारीक राहिले तर पाणी नाहीतर खत, मग बघू. मी त्याला सांगितलं, केस चिकटायला नुसती थंडीच लागते असं नाही, तुऱ्याच्या वेळी पाण्याचा ताण पडला किंवा फार ऊन झालं तरी तसंच होतं. म्हणून त्या दिवसांत वावरात कोण होतं, पाणी कधी लावलं, पारा किती होता, हे रोज वहीत लिहायचं ठरलं. त्यानं लिहायचं आणि मी वाचायचं. पारा बघायला शहाद्याहून एक तापमापी आणली आणि ती झोपडीच्या कुडाला, वाऱ्याच्या बाजूला टांगली. त्याच्या धाकट्या पोराला ती वाचता येते.

आमच्या घरातले काहीजण या पानावर नाराज आहेत. मोठा मुलगा सुरतेहून फोनवर म्हणाला, "आबा, असल्या भानगडी कशाला, उक्त्यानं देऊन टाका, एकरकमी पैसे घ्या आणि मोकळे व्हा." त्याचं म्हणणं व्यवहाराचं आहे. उक्त्यानं दिलं की थंडी सगळीच्या सगळी कसणाऱ्याची, माझे पैसे पेरणीआधीच खिशात. आता पुष्कळ जण तसंच करतात, आणि ते वाईट माणसं आहेत असं मी म्हणणार नाही, त्यांची पोरंही दूर आहेत, शेतीकडं बघायला कोणी नाही. पण मला ते जमणार नाही असं मी त्याला सांगितलं. का, ते नीट सांगता आलं नाही. फोनवर खरखर होती.

वहीचं पान कपाटात आहे. तापमापी कुडाला आहे, जानेवारीत पोरानं पहाटे ६ अंश लिहिल्याची नोंद आहे. या वर्षी खालच्या वावरात हरभरा केला, त्यामुळं मक्याचं ते कलम अजून कामाला आलेलं नाही. हरभऱ्याला काय लावायचं, ते आमचं अजून बोलणं चालू आहे.